आधी अटक, मग वाचन

अशोका विद्यापीठातील प्राध्यापक अली खान महमूदाबाद यांच्यावरील आरोपपत्राची दखल घेण्यास सर्वोच्च न्यायालयाने २५ ऑगस्ट २०२५ रोजी कनिष्ठ न्यायालयाला मनाई केली. सोनीपतच्या राई पोलीस ठाण्यातल्या दोन गुन्ह्यांपैकी एक तर तपास पथकानेच बंद करायला सांगितला. दिलासा मोठा होता, पण पोस्ट मे महिन्यातली. ‘ऑपरेशन सिंदूर’ची माहिती देणाऱ्या कर्नल सोफिया कुरेशी यांचे कौतुक करणाऱ्यांनी झुंडबळी आणि बुलडोझरखाली घर गेलेल्यांसाठीही तितक्याच मोठ्याने बोलावे, असा तिचा रोख. ती उघड्यावर होती, पाच मिनिटांत वाचून होण्यासारखी होती. तरी १८ मे रोजी अटक झाली आणि तिच्या शब्दांचा अर्थ लावायला तीन आयपीएस अधिकाऱ्यांचे पथक नेमले गेले ते त्यानंतर. समाजमाध्यमांवर लिहिणाऱ्यांचे खरे दुखणे या उलट्या क्रमात आहे.

हा क्रम सुलटा करायची तरतूद कायद्यात आहे. तीन वर्षे ते सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३(३) सांगते. अभिव्यक्तीच्या प्रकरणांत पोलिसांनी हाच मार्ग धरणे योग्य, असे सर्वोच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या खटल्यात बजावले. मात्र देशाच्या सार्वभौमत्वाला धोका पोहोचवण्याविषयीचे भारतीय न्याय संहितेचे कलम १५२ जोडले की शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते आणि चौकशीची ही पायरी आपोआप गळते. महमूदाबाद यांच्यावर १५२ लावलेले होते. म्हणजे कलम जितके जड, तितकी वाचण्याची सक्ती कमी! निकाल ठाण्यापर्यंत झिरपत नाहीत, हे आपण पालघरपासून पाहतो आहोत. २०१२ मध्ये तिथल्या दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरासाठी अटक झाली, दिल्लीच्या श्रेया सिंघल न्यायालयात गेल्या आणि २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द झाले. त्याच कलमाखालचे खटले थांबवा, असा आदेश न्यायालयाला २०२२ मध्ये पुन्हा द्यावा लागला.

मला त्याहून जास्त खटकते ती जामिनाची अट. पत्रकार मोहम्मद झुबेर यांना दिल्ली पोलिसांनी जून २०२२ मध्ये पकडले ते २०१८ च्या एका ट्विटसाठी. त्यात हृषिकेश मुखर्जींच्या १९८३ च्या ‘किसी से ना कहना’मधले एक दृश्य होते, ‘हनीमून हॉटेल’ची पाटी ‘हनुमान हॉटेल’ झालेली. उत्तर प्रदेशातल्या गुन्ह्यांत जामीन देताना त्यांना ट्विट करण्यास मनाई करावी, अशी तिथल्या सरकारची मागणी होती. पत्रकाराला लिहू नको कसे सांगणार, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयातील न्या. चंद्रचूड यांच्या खंडपीठाने ती फेटाळली. त्या खंडपीठात न्या. सूर्य कांत होते. मे २०२५ मध्ये त्यांच्याच खंडपीठाने महमूदाबाद यांना वादग्रस्त पोस्टविषयी आणि भारतातील दहशतवादी हल्ल्याविषयी लिहिण्यास मनाई केली. जुलैमध्ये ती सैल झाली, हे खरे. पण दोष ठरण्याआधी लादलेले मौन ही शिक्षाच असते, आणि २०२२ चेच उत्तर बरोबर होते.

यावर आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. २०१३ मध्ये मुझफ्फरनगरच्या दंगलीआधी परदेशातली जुनी चित्रफीत तिथलीच म्हणून फिरवली गेली. अशा वेळी १४ दिवस थांबायचे का? थांबू नये. पण मजकूर हटवणे आणि लिहिणाऱ्याला कोठडीत टाकणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९-अ आहे, त्यात तातडीची सोयही आहे. शिवाय १४ दिवस ही कमाल मुदत आहे. चिथावणी उघड असेल तर चौकशी तासाभरात संपेल. राजधानी क्षेत्रात नोएडाला राहून गुरुग्रामला नोकरी करणाऱ्याची एकच पोस्ट तीन सरकारांच्या पोलिसांच्या हाती लागू शकते. त्यामुळे दिल्ली, हरियाणा आणि उत्तर प्रदेशच्या पोलीस प्रमुखांनी, आणि महाराष्ट्राच्याही, एक लेखी आदेश काढावा: कलम कोणतेही असो, पोस्टवरून गुन्हा नोंदवण्याआधी ती पूर्ण वाचून, गुन्हा का वाटतो ते अधिकाऱ्याने सहीनिशी लिहून द्यावे.