जाग्या माणसाचा हात शिवताना

सोयाबीनची मळणी लागली की वर्धा जिल्ह्यातल्या शिवारांत थ्रेशर अहोरात्र घरघरतात, आणि कडबाकुट्टीचे पाते तर बारमाही फिरतच असते. त्यांच्या तोंडी सापडून ज्याच्या बोटाची कंडरा तुटली, त्या मजुराला शस्त्रक्रियेहून तिच्या पूर्वतयारीचाच जाच अधिक होत आला आहे: उपाशी राहा, रक्ताचे अहवाल येऊ द्या, भूलतज्ज्ञाची वाट पाहा, आणि तो नसल्यास नागपूरचा रस्ता धरा.

या जाचामागे एक जुना समज होता. बोटात ॲड्रेनलिन टोचल्यास रक्तवाहिन्या आकसून बोट काळे पडते, असा दंडक विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाठ्यपुस्तकांत दाखल झाला, आणि एखाद्या सरकारी हुकमाप्रमाणे, कारण कोणी न विचारता, अंमलात राहिला. म्हणून रक्त थांबवण्यास दंडावर हवेचा पट्टा आवळणे आले, आणि त्याची कळ जागेपणी फार वेळ सोसवत नाही म्हणून मोठी भूल आली. पुढे बोटे काळी पडण्याबाबतचा संशय वळला तो त्या काळच्या प्रोकेन या बधिर करणाऱ्या औषधाकडे, जे शिळे होता होता तीव्र आम्लधर्मी बनत असे. कॅनडातील डोनाल्ड लालोंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, हाताबोटांत ॲड्रेनलिन टोचलेल्या ३,११० नियोजित प्रकरणांत एकही बोट गेले नव्हते.

म्हणून आता पट्टा व मोठी भूल दोन्ही टाळून, रुग्णाला जागे ठेवूनच हात शिवता येतो. त्यासाठी लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाच्या एक टक्का द्रावणात लाखास एक या प्रमाणात ॲड्रेनलिन मिसळून ते बारीक सुईने, अगदी सावकाश भरतात. मग सुमारे अर्धा तास नुसते थांबायचे (उतावळ्या शल्यविशारदाचे हे काम नव्हे), आणि त्वचा पांढुरकी झाली की चाकू हाती घ्यायचा. पण खरी मौज पुढेच आहे. कंडरा जोडून झाली की डॉक्टर म्हणतात, "भाऊ, बोट मिटा बरं," आणि रुग्ण स्वतःच ते मिटून "मिटलं जी" म्हणून सांगतो. टाक्यांत फट पडत असेल, वा जोड कंडरेच्या आवरणात अडकत असेल, तर ती उणीव जखम बंद होण्यापूर्वीच उघड होते व तिथल्या तिथे निस्तरता येते. गाढ भुलीतल्या माणसाकडून ही साक्ष मिळणे नाही.

रक्तपुरवठाच शंकास्पद असलेले चिरडलेले बोट, किंवा भेदरलेले लहान मूल, यांच्यासाठी हा मार्ग नव्हे. शिवाय भूल सोपी झाली म्हणून कंडरा शिवणे सोपे होत नाही. तो हात कसलेलाच हवा. तथापि, १९६९ साली सुशीला नायर यांनी सेवाग्रामी देशातील पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय ज्या जिल्ह्यात काढले, तिथे भूलतज्ज्ञावाचून अडणारी कामे कमी करणारी ही रीत जितकी लवकर रुळेल तितकी बरी. तिच्यासाठी लागणारी सामग्री मोजकीच आहे. मात्र बोट दीर्घकाळ पांढरेच राहिले तर उतारा म्हणून फेंटोलमाइनची कुपी कपाटात हवी, आणि तिची मुदत संपलेली नसावी.