लाख कोटी किल्ल्यांचे कुलूप

१०,९९,५१,१६,२७,७७६.

वाचायचे झाले तर एक लाख नऊ हजार नऊशे एक्कावन्न कोटी, सोळा लाख सत्तावीस हजार सातशे शहात्तर. डीव्हीडी बाजारात आली तेव्हा हॉलिवूडच्या स्टुडिओंनी आपले सिनेमे ज्या कुलपात बंद केले, त्याला इतक्या वेगवेगळ्या किल्ल्या संभवत होत्या. सेकंदाला एक याप्रमाणे लावून पाहत गेले, तर सगळ्या संपायला ३४,८०० वर्षे लागतील. प्रत्यक्षात हे कुलूप तीन वर्षांत उघडले. उघडणाऱ्यांतला एक मुलगा पंधरा वर्षांचा होता.

स्टुडिओंची भीती खोटी नव्हती. व्हिडिओ कॅसेटची कॉपी काढली की चित्र थोडे फिके पडायचे, कॉपीची कॉपी आणखी भुरकट व्हायची, आणि चार-पाच पिढ्यांनंतर पाहण्यासारखे फारसे उरायचे नाही. चोरीला हा एक नैसर्गिक आळा होता. डिजिटल तबकडीत तो संपणार होता, कारण हजारावी प्रतसुद्धा पहिलीसारखीच लखलखीत निघणार. सप्टेंबर १९९४ मध्ये सात स्टुडिओंनी नव्या तबकडीसाठी आपल्या अटी मांडल्या. एका बाजूवर सुमारे १३५ मिनिटांचा अख्खा सिनेमा मावला पाहिजे, चित्र लेसरडिस्कपेक्षा सरस हवे, अनेक भाषांतला आवाज हवा, आणि कॉपी होऊ नये यासाठी बंदोबस्त हवा. सोनी-फिलिप्स एकीकडे आणि तोशिबा-टाइम वॉर्नर दुसरीकडे असे दोन तट पडले होते. दोन वेगळ्या तबकड्या आम्ही चालवून घेणार नाही, असे आयबीएमसह संगणक कंपन्यांनी बजावल्यावर १९९५ अखेर एकच नमुना ठरला. १ नोव्हेंबर १९९६ रोजी जपानमध्ये पहिले प्लेअर विक्रीला आले आणि मार्च १९९७ मध्ये अमेरिकेत. वॉर्नरचे वॉरन लीबरफार्ब या तबकडीसाठी हिरिरीने झटत होते, तर पॅरामाउंट आणि फॉक्स १९९८ पर्यंत काठावरच थांबले.

त्या तबकडीची कारागिरी आजही थक्क करते. १२ सेंटिमीटरच्या प्लॅस्टिकवर एकच सर्पिल रेघ असते, आतून बाहेर जाणारी. रेघेच्या एका वळणापासून दुसऱ्या वळणापर्यंत अंतर ०.७४ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. रेघेवरचा सर्वांत लहान खळगा ०.४ मायक्रॉन लांबीचा. अशी सुमारे ४६ हजार वळणे. ती रेघ उलगडून सरळ केली तर पावणेबारा किलोमीटर भरते. चर्चगेटहून रुळाच्या कडेने अंथरत निघालो तर दादर मागे टाकून पुढे जाईल. प्लेअरमधला लाल लेसर सेकंदाला साडेतीन मीटर या वेगाने ती वाचत जातो, आणि खळग्याची कड कुठे आली हे सेकंदाला दोन कोटी साठ लाख बिटांच्या हिशेबाने ओळखतो.

एवढे करूनही सिनेमा मावत नव्हता. अमेरिकी डीव्हीडीचे चित्र ७२० बाय ४८० ठिपक्यांचे, म्हणजे एका फ्रेममध्ये ३,४५,६०० ठिपके. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर दोन तासांत ५,९७१ कोटींहून जास्त ठिपके होतात. ते जसेच्या तसे साठवायला सुमारे ९० अब्ज बाइट लागतात आणि तबकडीच्या एका थरात मावतात ४.७ अब्ज. उरलेले सगळे एमपेग-२ नावाच्या गणिताने चेपले. मागच्या फ्रेममधली भिंत या फ्रेममध्येही तीच असेल, तर ती पुन्हा लिहायची नाही, हे त्यामागचे तत्त्व.

आता कुलपाकडे. त्याचे नाव सीएसएस. किल्ली ४० बिटांची, म्हणजे चाळीस जागा आणि प्रत्येक जागी शून्य किंवा एक. दोनाचा चाळिसावा घात केला की वर दिलेली संख्या येते. त्या काळी अमेरिकेबाहेर न्यायच्या सांकेतिक सॉफ्टवेअरला साधारण ४० बिटांचीच मुभा होती, आणि डीव्हीडी तर जगभर विकायची होती. प्रत्येक प्लेअर कंपनीला स्वतःची किल्ली दिली गेली. तबकडीच्या सुरुवातीला एक छोटा कप्पा ठेवला, त्यात तबकडीची मुख्य किल्ली चारशेहून अधिक वेळा, प्रत्येक कंपनीच्या किल्लीत वेगवेगळी गुंडाळून ठेवली. कोणत्याही कंपनीचा प्लेअर असो, आपल्या वाट्याचे गाठोडे सोडून तो मुख्य किल्ली मिळवणार.

या रचनेतच तिचा घात होता. सिनेमा दिसायचा तर किल्ली प्रेक्षकाच्या घरात, त्याच्या टेबलावरच्या यंत्रात असायलाच हवी. ज्याला सिनेमा दाखवायचा आणि ज्याच्यापासून लपवायचा, तो माणूस एकच. तिजोरीच्या किल्लीबद्दल असे कधी घडत नाही, आणि म्हणून इथे संख्या कितीही मोठी घेतली तरी उपयोग मर्यादितच राहतो.

१९९९ मध्ये झिंग या कंपनीच्या संगणकावरील प्लेअरमध्ये किल्ली नीट झाकलेली नाही हे काही मुलांच्या ध्यानात आले. त्यांच्या गटातला नॉर्वेचा योन लेक योहान्सेन याने ऑक्टोबरमध्ये डीसीएसएस हा छोटा प्रोग्रॅम इंटरनेटवर टाकला. तेव्हा लिनक्सवर डीव्हीडी पाहण्याची अधिकृत सोयच नव्हती, आणि ती अडचण हे या खटाटोपामागचे एक मोठे कारण होते. एक किल्ली मिळाली आणि पाठोपाठ फ्रँक स्टीव्हन्सन याने सांकेतिक पद्धतीचीच चिरफाड केली. पूर्ण लाख कोटी किल्ल्या तपासण्याची गरजच नाही, ३ कोटी ३५ लाख ५४ हजार ४३२ पुरतात, हे त्याने दाखवले. त्या वेळच्या ४५० मेगाहर्ट्झच्या पेंटियम थ्रीवर हे काम वीस सेकंदांत व्हायचे. दुसऱ्या एका मार्गाने तर ६५,५३६ प्रयत्नांत भागत होते. दोनाचा चाळिसावा घात सोळाव्या घातावर आला होता.

मग स्टुडिओ न्यायालयात गेले. अमेरिकेत कुलूप फोडण्याचे साधन वाटणे हाच १९९८ च्या कायद्याने गुन्हा ठरला होता. ऑगस्ट २००० मध्ये न्यायाधीश लुईस कॅप्लन यांनी '२६००' या नियतकालिकाला हा प्रोग्रॅम ठेवण्यास आणि त्याकडे नेणारे दुवे देण्यासही मनाई केली. प्रोग्रॅम म्हणजे लिखाण, आणि लिखाणावर बंदी कशी घालता, असा सवाल संगणकशास्त्रज्ञांनी केला, आणि बंदी किती फोल आहे हे दाखवायला तो प्रोग्रॅम आखूड करत नेला. एकाने तो सी भाषेत ४३४ अक्षरांत बसवला. लोकांनी तो टी-शर्टवर छापून घेतला.

माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर भाग २००१ मध्ये घडला, आणि तो घडवला फिल कारमोडी या गणितप्रेमीने. संगणकावरची कोणतीही फाइल म्हणजे शून्य-एकांची लांबलचक ओळ असते, आणि ती एक प्रचंड संख्या म्हणून वाचता येते. कारमोडीने त्या प्रोग्रॅमची दाबून लहान केलेली फाइल घेतली. अशा फाइलच्या शेपटीला दोन बाइट जास्तीचे जोडले तरी उघडताना आतला मजकूर बिघडत नाही. दोन बाइट म्हणजे ६५,५३६ शक्यता. १,४०१ अंकी संख्यांच्या टापूत साधारण ३,२०० संख्यांमागे एक मूळ संख्या सापडते, म्हणजे शेपटीच्या या शक्यतांत वीसेक मूळ संख्या असणारच. कारमोडीला शेपटीत २०८३ हा आकडा घातल्यावर मूळ संख्या मिळाली. एकने आणि स्वतःनेच भाग जाणारी, १,४०१ अंकांची ती संख्या फाइल म्हणून साठवा, उघडा, आणि समोर येतो बंदी घातलेला प्रोग्रॅम.

तो एवढ्यावर थांबला नाही. शेपटी वाढवून त्याने १,९०५ अंकांची मूळ संख्या शोधली, आणि मूळ संख्यांची नोंद ठेवणाऱ्या यादीत तिला केवळ आकाराच्या गुणवत्तेवर जागा मिळाली. युक्लिडच्या आधीपासून अस्तित्वात असलेली, कुणीही न घडवलेली संख्या बेकायदा कशी ठरवायची? हा प्रश्न कायद्याने कधी सोडवला असे मला वाटत नाही. नॉर्वेच्या न्यायालयापुढचा प्रश्न सोपा होता. आपण विकत घेतलेली तबकडी माणूस उघडू शकतो, असे म्हणत जानेवारी २००३ मध्ये त्याने योहान्सेनला निर्दोष सोडले, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अपिलातही तोच निकाल लागला.

दरम्यान धंदा बुडाला का? ४ नोव्हेंबर २००३ रोजी 'फाइंडिंग नीमो' घरगुती विक्रीला आला आणि डीव्हीडी व कॅसेट मिळून पहिल्याच दिवशी ८० लाख प्रती गेल्या. कुलूप फुटून चार वर्षे झाली होती. फुटल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात इंटरनेटची चालही आड येत होती. ५६ केच्या मॉडेमवर एका थराची डीव्हीडी उतरवायला पावणेआठ दिवस लागायचे, तेही लाइन तुटली नाही तर.

पुढच्या पिढीत स्टुडिओंनी संख्याच बदलली. ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी या दोन्ही प्रतिस्पर्धी तबकड्यांवर एएसीएस हे १२८ बिटांचे कुलूप आले. संभाव्य किल्ल्या ३४,०२,८२,३६,६९,२०,९३,८४,६३,४६,३३,७४,६०,७४,३१,७६,८२,११,४५६. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त दिलेली मोजणी परार्धापाशी, म्हणजे एकावर सतरा शून्यांपाशी संपते. परार्धाला परार्धाने गुणायचे आणि आलेले उत्तर चौतीस हजार वेळा घ्यायचे, तेव्हा या संख्येच्या जवळ पोहोचतो. सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या तपासणारे यंत्र लावले तरी विश्वाच्या आजवरच्या वयाच्या ७८ कोटी पट काळ लागेल.

पहिल्या तबकड्या २००६ च्या वसंतात आल्या आणि डिसेंबरमध्ये कुलूप उघडले. मोजत कुणीच बसले नाही. संगणकावरचा अधिकृत प्लेअर सिनेमा दाखवताना किल्ली मेमरीत ठेवतो, तिथून ती वाचली गेली. फेब्रुवारी २००७ मध्ये एक महत्त्वाची किल्ली उघड झाली, सोळाच्या पायात लिहिली तर बत्तीस अंकांची. ती काढून टाका अशा नोटिसा आल्या, डिग या संकेतस्थळाने ती काढली, आणि १ मे २००७ रोजी सदस्यांनी त्या संख्येचा एवढा पूर आणला की दिवस संपेपर्यंत चालकांनी माघार घेतली. एचडी डीव्हीडी फेब्रुवारी २००८ मध्ये बंद पडली. ब्लू-रे जिंकली, तिच्यावर आणखी एक संरक्षक थर चढवता येतो हे फॉक्सच्या पसंतीचे एक कारण होते.

आपल्याकडे यातले बरेच लांबून गेले. डीव्हीडीच्या जागतिक वाटणीत भारत पाचव्या विभागात होता, पण घराघरांत होती व्हीसीडी. ७४ मिनिटांच्या सीडीवर बसवलेली, डीव्हीडीच्या चौथाई ठिपक्यांची, आणि कुलूपच नसलेली. तीन तासांचा हिंदी सिनेमा म्हणजे तीन सीडी. मोझर बेअर या कंपनीने २००७ च्या सुमारास अधिकृत व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. रस्त्यावरच्या चोरट्या सीडीशी थेट किमतीत टक्कर घेणारा हा उपाय मला १२८ बिटांपेक्षा शहाणपणाचा वाटतो. महाराष्ट्र सरकारने मात्र २००९ मध्ये झोपडपट्टी दादा आणि हातभट्टीवाल्यांसाठी केलेल्या एमपीडीए कायद्यात व्हिडिओ पायरेटही घातले. त्याखाली खटल्याविना वर्षभर स्थानबद्ध करता येते.

स्टुडिओंनी कुलपाचा नाद सोडला नाही. ४के ब्लू-रेसाठी तिसरी फेरी झाली. या वेळी किल्ली प्रोग्रॅममध्ये न ठेवता संगणकाच्या चिपमधल्या बंद कप्प्यात ठेवायचे ठरले, आणि इंटेलच्या एसजीएक्स या सोयीशिवाय पीसीवर अधिकृतपणे ती तबकडी चालणारच नाही अशी अट आली. त्या तबकड्यांच्या चोरट्या प्रती २०१७ पासून इंटरनेटवर आहेत. इंटेलने आपल्या अकराव्या-बाराव्या पिढीच्या घरगुती प्रोसेसरांतून ती सोय काढून टाकली, आणि पूर्ण पैसे मोजून ४के तबकडी घेतलेल्या ग्राहकाला नव्या संगणकावर ती अधिकृत प्लेअरमधून पाहता येईना.