वीणेची तार आणि पियानोचे संथ सूर



नर्सची नोकरी करत असताना रात्रपाळीनंतर मला झोप लागत नसे. अंग थकलेले, पण डोक्यात वॉर्ड सुरूच. चाळिशीनंतर मी एक जुना कीबोर्ड घेतला. “आता या वयात? आणि ते आपलं संगीत आहे का?” हे प्रश्न घरातूनच आले. बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते, हे सांगितल्यावर घर गप्प झाले.

नवशिक्यांसाठी पियानोच्या काही संथ रचना फार उपयोगी आहेत. पहिली बाखची, सी मेजरमधली प्रील्यूड. तिचे सुरुवातीचे रूप त्याने मुलाला शिकवायच्या वहीत लिहिलेले आढळते. यात सूर एकत्र न दाबता एकामागून एक वाजवायचे असतात, त्यामुळे घाई लागत नाही. दुसरी एरिक सातीची ‘जिम्नोपेदी’ क्रमांक १, साल १८८८. तीन मात्रांचा ठेका. डावा हात पहिल्या मात्रेला खालचा एक सूर वाजवतो आणि दुसरीला वर जाऊन सुरांचा गुच्छ धरतो. ही उडी अवघड वाटते, म्हणून आधी आठवडाभर डावा हातच वाजवा.

साती पॅरिसच्या संगीत विद्यालयात आळशी ठरला होता. पुढे तो आर्केय या कामगारांच्या उपनगरात राहिला आणि १९०५ साली, ३९ व्या वर्षी, पुन्हा विद्यार्थी झाला. शिकण्याला वय नसते आणि संगीत कुणा एका जातीचे वा वर्गाचे नसते.

आरोग्याच्या दृष्टीने एवढे पाळा. पाठ सरळ, खांदे सैल, मनगट कोपराच्या पातळीत. रोज पंधरा मिनिटे पुरे. वाजवण्याआधी दोन मिनिटे आनापान करा. श्वास संथ झाला की हृदयाचे ठोकेही शांत होतात. बोटे वा मनगट दुखले तर लगेच थांबा. रात्री हेडफोन लावा, म्हणजे शेजाऱ्यांचीही झोप मोडणार नाही.

भिक्खू सोण यांची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. चंक्रमण करून पाय रक्तबंबाळ झाले, तेव्हा भगवंतांनी त्यांना वीणेची आठवण दिली. तार फार ताणली तरी सूर बिघडतो, फार सैल सोडली तरी बिघडतो. चूक झाली की दात-ओठ खाऊन पुन्हा पुन्हा वाजवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. वेग निम्मा करा, दोनच ओळी वाजवा.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. वाद्य हे औषध नाही. बीपीच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. झोप कित्येक आठवडे उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा.

माझी जिम्नोपेदी अजून अडखळते. पण त्या पंधरा मिनिटांत डोक्यातला वॉर्ड बंद असतो. आपल्या बायाबापड्यांना दुसऱ्यांची सेवा करण्याची सवय आहे. दिवसातली ही पंधरा मिनिटे स्वतःसाठी मागून घ्या.