वहाण मिलानची, अंगठा कोल्हापूरचा

इटलीतील मिलान शहरी २२ जून २०२५ रोजी ‘प्राडा’ या विख्यात पेढीने पुढील वर्षीच्या वसंत-ग्रीष्मासाठी पुरुषांची वस्त्रप्रावरणे प्रदर्शित केली. मिउचा प्राडा आणि राफ सिमन्स या संकल्पकद्वयाची ही निर्मिती. महाराष्ट्राचे लक्ष मात्र वस्त्रांकडे गेले नाही; ते गेले पावलांकडे. सपाट तळ, अंगठ्याची वादी, चामड्याचा नैसर्गिक रंग! कोल्हापुरी वहाण ओळखावयास कोणा तज्ज्ञाची आवश्यकता नव्हती. पेढीने तिचा उल्लेख केवळ ‘चामड्याची सँडल’ असा केला. किंमत लाखाच्या घरात असल्याच्या वार्तांनी संतापात भर पडली.

महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पेढीस पत्र धाडले. या पादत्राणामागची प्रेरणा भारतीय हस्तकारागिरीची असल्याचे पेढीने मान्य केले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातही गेले. परंतु याचिकाकर्ते भौगोलिक मानांकनाचे धारक नसल्याने जुलैमध्ये ती याचिका फेटाळली गेली.

हा संताप न्याय्यच होता. परंतु तो किती खोल होता, हा प्रश्न उरतोच. कोल्हापुरी चपलेस २०१९ साली मानांकन लाभले. महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्हे त्यात येतात. हे मानांकन नावाचे रक्षण करते, आकाराचे नव्हे. मिलानमध्ये तर नाव घेतलेच गेले नव्हते! पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या आकारावर कोणा एकाची मालकी सिद्ध करणे कठीण, आणि म्हणूनच तो उचलणे सोपे.

दुसरी बाब अधिक बोचणारी आहे. बाभळीची साल व हिरडा यांनी चामडे कमावणे, तळ कापणे, कान शिवणे, वेणी गुंफणे ही कामे ज्या समाजाने पिढ्यानपिढ्या केली, त्याच्या वाट्यास याच भूमीत अस्पृश्यता आली. वहाण अभिमानाची आणि वहाण करणारा मात्र गावाबाहेरचा, ही विसंगती मिलानने निर्माण केलेली नाही. परदेशी पेढीने श्रेय नाकारले म्हणून खवळणारा ग्राहक बाजारात त्याच कारागिराशी दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करतो, तेव्हा श्रेय कोण नाकारीत असतो?

या दृष्टीने भिंगारकडे पाहणे उद्बोधक ठरेल. अहिल्यानगरला लागून असलेले हे छावणीचे गाव मानांकनाच्या आठ जिल्ह्यांत येत नाही. परंतु नगर-भिंगारच्या परिसरात एकेकाळी हातमागावर लुगडी विणली जात आणि त्यावर कित्येक घरांची चूल पेटे. गिरणीचे व पुढे यंत्रमागाचे स्वस्त कापड आले आणि मागांचा खडखडाट मंदावत गेला. त्या लुगड्यांची नक्कल कोणी परदेशी रंगमंचावर मांडली नाही, म्हणून त्यांच्यासाठी पत्रेही गेली नाहीत आणि याचिकाही झाल्या नाहीत. चोरी झाली की आपण जागे होतो. झिजून नाहीशा होणाऱ्या कलेचा मात्र आवाजच होत नाही.

कोल्हापुरी वहाणेचे दैव त्या मानाने बलवत्तर. डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने महाराष्ट्र व कर्नाटकातील शासकीय चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. त्यानुसार सुमारे ८०० युरो किमतीचे २,००० जोड येथील कारागिरांकडून करवून घेण्याचे, तसेच कारागिरांच्या प्रशिक्षणाचेही जाहीर झाले. ओरड निष्फळ ठरली नाही, हे मान्य केलेच पाहिजे.

तथापि दोन हजार जोडांनी एखादा व्यवसाय तरत नाही. त्या ८०० युरोंपैकी शिवणाऱ्या हातात किती पडतात आणि त्या हाताच्या मुलास हा धंदा मानाचा वाटतो की नाही, यावरच कराराचे मोल ठरेल. मिलानकडून श्रेय मागण्याचा अधिकार महाराष्ट्रास निःसंशय आहे. परंतु तेच श्रेय, रास्त दामासह, आपल्या पेठेतील कारागिरास दिले, तरच त्या मागणीस वजन येईल.