मल्टिकास्ट मार्गनिर्धारण डेमनची मांडणी : ग्रामीण शैक्षणिक संगणकजाळ्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
एकच पाठ एकाच वेळी अनेकांपर्यंत पोहोचविणे ही दूरशिक्षणाची मूलभूत गरज आहे. २० सप्टेंबर २००४ रोजी शिक्षणासाठी प्रक्षेपित झालेला एज्युसॅट हा उपग्रह याच गरजेतून साकारला. या प्रकल्पाच्या प्रायोगिक टप्प्यात नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा समावेश होता. २०१० मध्ये या उपग्रहाची सेवा संपुष्टात आली. उपग्रहाचा संकेत स्वभावतःच अनेकांपर्यंत एकदम पोहोचतो; जमिनीवरील संगणकजाळ्यात मात्र ही सोय जाणीवपूर्वक उभारावी लागते. तिचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

समस्येचे स्वरूप :
मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या मार्गावर टोकावडे हे गाव आहे. उदाहरणादाखल असे मानता येईल की, मुरबाड येथील एका संस्थेचे टोकावडे येथे केंद्र असून दोहोंमध्ये २ एमबीपीएस क्षमतेची जोडणी आहे. ३८४ केबीपीएस गतीचे व्याख्यान ३० संगणकांना स्वतंत्रपणे पाठविल्यास सुमारे ११.५ एमबीपीएस क्षमता लागेल. म्हणजेच व्याख्यान बंद पडेल. मल्टिकास्ट पद्धतीत जोडणीवरून एकच प्रत जाते व तिच्या प्रती टोकावड्यात पोहोचल्यावरच तयार होतात.

संकल्पना :
१९८९ मध्ये स्टीव्ह डीअरिंग यांनी या पद्धतीचे प्रमाण मांडले. तीत २२४.०.०.० ते २३९.२५५.२५५.२५५ हे पत्ते एखाद्या यंत्राचे नसून गटाचे असतात. संगणक आयजीएमपी या नियमावलीद्वारे आपले गटसदस्यत्व कळवितो. राउटरवर पार्श्वभूमीत अखंड चालणारा 'डेमन' हा प्रोग्रॅम त्या माहितीवरून मार्ग ठरवितो. पॅकेट पुढे पाठविण्याचे प्रत्यक्ष काम कर्नेल करतो. म्हणून कर्नेलमध्ये मल्टिकास्ट मार्गनिर्धारणाची सोय सुरू असणे ही पहिली अट होय.

मांडणीतील निर्णय :
युनिक्स व लिनक्स प्रणालींवरील 'एमराउटेड' हा डेमन सर्वसाधारणपणे मल्टिकास्टक्षम असे सर्व इंटरफेस आपोआप वापरात घेतो. त्यामुळे मांडणी म्हणजे मुख्यतः मर्यादा घालणे होय. टोकावड्याच्या राउटरवर जोडणी, प्रयोगशाळा व कार्यालय असे तीन इंटरफेस असतील, तर कार्यालयाचा इंटरफेस 'डिसेबल' करावा. मात्र किमान दोन इंटरफेस कार्यरत नसतील, तर हा डेमन सुरूच होत नाही.

दुसरा निर्णय सीमेचा. प्रयोगशाळेतील सर्व संगणकांवर एकदम प्रणाली चढविणारी साधनेही मल्टिकास्ट वापरतात. ती स्थानिक वापराच्या २३९.२५५.०.० ते २३९.२५५.२५५.२५५ या पट्ट्यात ठेवून जोडणीच्या इंटरफेसवर 'बाउंडरी' घालावी. अन्यथा हा प्रवाह अरुंद जोडणीवर शिरून व्याख्यान गुदमरवू शकतो.

तिसरा निर्णय डेमनच्या निवडीचा. एमराउटेडची डीव्हीएमआरपी ही पद्धती प्रथम प्रवाह सर्वत्र सोडते व नको असलेल्या शाखा नंतर छाटते. छाटणीची मुदत संपताच प्रवाह पुन्हा वाहतो. गट अनेक व जोडणी अरुंद असेल तेथे पिम-स्पार्स मोड पद्धतीचा 'पिमडी' अधिक योग्य ठरतो, कारण त्यात मागणी आल्याशिवाय प्रवाह सोडला जात नाही. त्यासाठी आवश्यक असलेले संकेतस्थान, म्हणजे रान्देव्हू पॉइंट, प्रेषकाजवळ मुरबाड येथेच ठेवावे. दोन्ही डेमन एकाच वेळी सुरू करू नयेत. कर्नेल सामान्यतः एकालाच नियंत्रण देतो.

पडताळणी :
मांडणी चुकली तरी बहुधा कोणताही त्रुटिसंदेश दिसत नाही. पडदा केवळ कोरा राहतो. अशा वेळी प्रथम टीटीएल पाहावा. मल्टिकास्ट पॅकेटचा टीटीएल मुळात १ असतो व प्रत्येक राउटर तो १ ने घटवितो. मुरबाड व टोकावडे येथे एकेक राउटर असल्यास प्रेषकाने तो किमान ३ ठेवावा. त्यानंतर उलट मार्ग तपासावा : प्रेषकाकडे परतणारा मार्ग ज्या इंटरफेसवरून जातो, त्यावरूनच आलेले पॅकेट स्वीकारले जाते. शेवटी स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग आहे की नाही हे पाहावे. ते नसल्यास प्रवाह सर्व पोर्टवर पसरतो.

समारोप :
सार्वजनिक इंटरनेटवरून मल्टिकास्ट सहसा वाहत नाही; त्यामुळे दोन्ही टोके व मधली जोडणी एकाच व्यवस्थापनाखाली असतील तेथेच ही रचना फलदायी ठरते. मात्र तेथे तिचे मोल मोठे आहे. जोडणीची क्षमता वाढविणे ग्रामीण संस्थेच्या हाती नसते. आहे त्या क्षमतेत एका विद्यार्थ्याऐवजी तीस विद्यार्थ्यांना पाठ ऐकविणे मात्र काही ओळींच्या काळजीपूर्वक मांडणीने साध्य होते.