शाळेची परसबाग : पाळी सर्वांची, भाजी सर्वांच्या ताटात

वस्तीत तपासणीला गेलो की फिकट ओठांच्या, जिना चढताना दमणाऱ्या मुली आम्हाला हमखास भेटतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (२०१९-२१) सांगते की देशातील १५ ते १९ वयाच्या दर १०० मुलींपैकी ५९ जणींना रक्तक्षय आहे. हातावर पोट असलेल्या घरात महागाई वाढली की ताटातून आधी भाजी जाते.

म्हणून शाळेतल्या जेवणाकडे लक्ष हवे. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ५० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ७५ ग्रॅम भाजी देण्याचा नियम आहे. ती ताजी मिळावी यासाठी केंद्र सरकारने २०१९ मध्ये शाळांच्या परसबागेबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. आवार लहान असले तरी अडत नाही. तेलाचे डबे, जुन्या बादल्या, गोण्या यांना खाली भोके पाडून माती आणि शेणखत भरावे. पालक, मेथी महिन्याभरात काढायला येते. कुंपणाशी शेवगा, पपई, लिंबू लावावे. शेवग्याचा पाला डाळीत, खिचडीत चालतो. पालेभाजीतले लोह अंगी लागावे म्हणून वर लिंबू पिळावे आणि जेवणाबरोबर चहा टाळावा.

मुले मातीत काम करतील तेव्हा पायात चप्पल हवी. हुकवर्म जातीच्या जंताच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून शरीरात शिरतात आणि हे जंत आतड्यात रक्त शोषतात. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. बागेला गटाराचे पाणी घालू नये. नुसत्या भाजीने रक्तक्षय जात नाही, म्हणून शाळेत मिळणारी लोहाची साप्ताहिक गोळी आणि जंताची गोळी मुलांना घेऊ द्यावी.

आता महत्त्वाचे. साताऱ्याच्या शाळेत बालपणी बाबासाहेबांना नळाला हात लावता येत नव्हता. शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेलेच राहावे लागे. ज्या समाजाने हे सोसले, त्याने शाळेची बाग डोळे उघडे ठेवून पाहावी. शेण कोण उचलतो? पाणी कोण घालतो? भाजी कोण तोडतो, कोण वाढतो? फावडे-झाडू आपल्याच मुलांच्या हाती आणि भाजी निवडायला दुसरी मुले असतील, तर त्या वाफ्यात जुना गावगाडाच उगवला म्हणायचा.

उपाय आपल्या हातात आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात आणि वंचित घटकांच्या पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा असते. मायबहिणींनो, बैठकीला जा. हजेरीच्या क्रमाने प्रत्येक कामाची पाळी लावा, मुलगा असो की मुलगी, आणि तो तक्ता भिंतीवर चिकटवायला सांगा. भाजी किती निघाली आणि ती खिचडीच्या पातेल्यात गेली की नाही, हेही वहीत लिहायला लावा.

एकाच वाफ्याला सगळ्यांनी पाणी घालायचे आणि एकाच पंगतीत बसून जेवायचे, हा समतेचा धडा मुलांना रोज मिळू द्या.

जय भीम!