चौघांपुरते पत्ते

पाच-तीन-दोन खेळायला तिघं बसली की आख्खा कॅट कुणी वाटत नाही. अठ्ठीपासून एक्क्यापर्यंतची पानं ठेवायची, त्यात इस्पिकची आणि बदामाची सत्ती घालायची. ३० पानं होतात, प्रत्येकाला दहा. मेंढीकोटाला सहा जण जमले तर दुर्र्या काढून ठेवायच्या, ४८ पानं उरतात, प्रत्येकी आठ. ज्यांनी कुणी ही पद्धत बसवली त्यांनी आधी माणसं मोजली आणि मग पत्ते. सुरतेच्या उधन्यातल्या आमच्या घरी २०१४ पासून जो क्यूब बांधला, मोडला आणि पुन्हा बांधला, त्याची सगळी गोष्ट या मोजणीपाशी येते.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. 'मॅजिक: द गॅदरिंग' हा रिचर्ड गारफील्ड यांचा खेळ अमेरिकेतल्या विझार्ड्स ऑफ द कोस्टने १९९३ साली बाजारात आणला. त्याचे पत्ते बंद पाकिटांतून विकत मिळतात. ते खेळायची माझ्या मते सर्वांत सुंदर रीत म्हणजे ड्राफ्ट. प्रत्येकाने १५ पत्त्यांचं पाकीट (२०२४ पर्यंत ड्राफ्टची पाकिटं एवढीच असत) उघडायचं, एक पत्ता ठेवायचा, बाकीचे शेजाऱ्याकडे सरकवायचे. अशी तीन पाकिटं संपली की हातात ४५ पत्ते असतात. त्यातले तेवीसेक निवडायचे, १७ लँड (पत्ते उतरवायला लागणारी शक्ती, म्हणजे माना, देणारे पत्ते) घालायचे आणि ४० पत्त्यांच्या डेकने खेळायचं. दर वेळी नवी पाकिटं फोडणं फार महाग पडतं. म्हणून खेळाडूंनीच वाट काढली. स्वतःजवळचे पत्ते वेचून एक कायमचा संच करायचा, पिसून त्याची पाकिटं लावायची आणि खेळ झाला की सगळं परत डब्यात. हाच क्यूब. २०१२ साली कंपनीने मॅजिक ऑनलाइनवर स्वतःचा क्यूब आणला, तोवर घराघरांतून असे डबे तयार होतेच.

आम्ही चौघं होतो. मी, माझा धाकटा भाऊ, लिंबायतचा एक खानदेशी मित्र आणि वराछाचा एक गुजराती मित्र. पहिला क्यूब जगरीतीप्रमाणेच केला. ३६० पत्ते, आणि कोणताही पत्ता दोनदा नाही. हा आकडा आठ खेळाडूंवरून येतो, आठ गुणिले पंचेचाळीस. आमच्या चौघांच्या टेबलावर त्यातले १८० पत्तेच येत आणि उरलेले १८० डब्यात राहत. एखादी जोडी जमवायचा बेत केला, तर ते दोन्ही पत्ते त्या संध्याकाळी टेबलावर असण्याची शक्यता चारांत एक. भावाला काळ्या-लाल रंगाचा बळीचा डेक प्रिय होता. त्याला तीन जातींचे पत्ते लागतात. मॉग वॉर मार्शलसारखा, जो सोबत एक फुकटचा गॉब्लिन आणतो. व्हिसेरा सीअरसारखा, जो बळी घेतो. आणि ब्लड आर्टिस्टसारखा, जो प्रत्येक मरणाला समोरच्याचं एक आयुष्य कापून आपल्याला देतो. यातली एक जात जरी आली नाही तरी बाकीच्या दोन लंगड्या. भाऊ बळी घेणारे जमवून बसायचा आणि बळी द्यायला काही नसायचं. मग जो तो सुट्या बळकट पत्त्यांच्या मागे लागायचा. सगळे डेक सारखे व्हायला लागले आणि ड्राफ्टची मजाच गेली.

२०१६ च्या पावसाळ्यात आम्ही क्यूब अर्धा केला. १८० पत्ते, म्हणजे चौघांत प्रत्येक पत्ता दर वेळी टेबलावर येणारच. पाच रंगांना प्रत्येकी २८, दोन रंगांच्या दहा जोड्यांना एकेक, रंगहीन वस्तू १४ आणि लँड १६. जागा इतकी कमी झाल्यावर प्रत्येक पत्त्याला आपण इथे का आहोत याचं उत्तर द्यावं लागतं. सोल रिंग तेव्हाच गेली. एक माना खर्चून दर फेरीला दोन देणारी ही अंगठी पहिल्या फेरीत ज्याच्या हाती पडे, त्याच्या बाजूने निकाल लागल्यातच जमा असे. शक्तिमान पत्त्यांचे क्यूब जगभर आवडीने खेळले जातात, त्यांचा आनंदही खरा आहे. पण जिथे हरलेला माणूस पुढच्या रविवारी यायला हवा असतो, कारण त्याच्या जागी दुसरा कुणी नाही, तिथे असा पत्ता परवडत नाही.

त्याहून मोठा वाद झाला तो एकच पत्ता दोनदा घ्यायचा की नाही यावर. वराछाचा मित्र ठाम विरोधात होता. त्याच्या मते प्रत्येक पत्ता एकुलता असण्यातच क्यूबची शान आहे. मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. लानोवार एल्व्ज हा एका मानाचा साधा हिरवा पत्ता. तो पहिल्या फेरीत उतरला की दुसऱ्या फेरीत तीन माना हातात येतात, आणि हिरव्याची सगळी चाल त्याच्यावर उभी असते. अशा पायाभूत पत्त्याची दुसरी प्रत घेतली तर हिरवा रंग उभा राहतो. तिथे नवलाईसाठी तिसऱ्या दर्जाचा वेगळा पत्ता घालण्यात अर्थ नाही. शेवटी ठरलं की पायाचे पत्ते दोन, कळसाचे एकच. कळसाचा पत्ता म्हणजे मलड्रिफ्टरसारखा. तो टेबलावर येताना दोन पत्ते ओढायला देतो. कोर स्कायफिशर उतरवून त्याला परत हातात घ्या, पुन्हा खेळा, पुन्हा दोन पत्ते. २०१९ मध्ये इफेमरेट आला, तो त्याला क्षणभर अदृश्य करून परत आणतो, तेही दोनदा. पांढऱ्या-निळ्याला तेव्हा खरं घर मिळालं. हे तिन्ही पत्ते कॉमन आहेत, श्रीमंतीचं काही काम नाही.

पाकिटाचं गणितही बदलावं लागलं. आठ जणांत १५ चं पाकीट आपल्याकडे एकदाच परत येतं. चौघांत मात्र पहिल्या निवडीनंतर पाचव्या, नवव्या आणि तेराव्या निवडीलाही तेच पाकीट हातात. कुणी काय उचललं हे सगळ्यांना पाठ होतं आणि शेजाऱ्याच्या मनाचा अंदाज घेण्याची गंमत उरत नाही. म्हणून आम्ही नऊ पत्त्यांची पाच पाकिटं लावतो. बेरीज तीच, ४५. फरक लहान दिसतो, पण उघडून बघायची पाकिटं तीनऐवजी पाच झाली आणि सवय लागायच्या आत डाव पालटू लागला.

सुरतेच्या हवेनेही एक नियम लिहिला. पावसाळ्यात दमटपणाने चकचकीत फॉइल पत्ते धनुष्यासारखे वाकतात. स्लीव्हमध्ये घातले तरी गठ्ठ्यात वरून ओळखू येतात. पुढचा पत्ता कोणता हे ओळखता आलं तर खेळच संपला. सगळे फॉइल काढले आणि जिथे साधी प्रत मिळाली नाही तिथे कागदावर हाताने लिहून, मागे जुना पत्ता लावून स्लीव्हमध्ये घातला. घरच्या खेळात ते चालतं.

२०२० च्या टाळेबंदीत दोघंच उरलो, भाऊ आणि मी. गारफील्ड यांनीच दोघांसाठी विन्स्टन ड्राफ्ट बसवलेला आहे. ९० पत्ते पिसायचे, एकेका पत्त्याचे तीन ढीग मांडायचे. आपल्या पाळीला पहिला ढीग बघायचा. हवा तर उचलायचा, नको तर त्यावर एक पत्ता टाकून पुढच्या ढिगाकडे जायचं. तिन्ही नाकारले तर गठ्ठ्यावरचा न बघता घ्यायचा. आमच्या १८० मध्ये असे दोन डाव बसतात. पायाचे पत्ते दुहेरी असल्याने अर्ध्या संचातही हिरवा डेक उभा राहायचा. वराछाच्या मित्राने फोनवर हे ऐकलं आणि दुसऱ्या प्रतींवरचा आक्षेप मागे घेतला.

वर्षात एकच रात्र अशी, की घर भरतं. कोजागिरीला खानदेशातले नातलग असतात, लिंबायतची मंडळी येतात, मसाला दूध आटत असतं, आणि दुसऱ्या दिवशी चांदी पडवो म्हणून गुजराती मित्र घारी घेऊन रात्रीच हजर. त्या रात्री आठही जण खेळायला बसतात आणि चौघांपुरते पत्ते पुरत नाहीत. त्यासाठी २०२२ मध्ये ४५-४५ चे चार सुटे गठ्ठे केले. प्रत्येक गठ्ठ्यात पाच रंगांचे आठ-आठ आणि पाच रंगहीन. माणूस वाढला की एक गठ्ठा मूळ संचात मिसळायचा. बळी देणारे, बळी घेणारे आणि बळीवर कमावणारे यांचं प्रमाण प्रत्येक गठ्ठ्यात मूळ संचासारखंच ठेवलंय. पाच जण असोत वा आठ, भावाचा डेक जमतो. आजवरच्या सगळ्या कामात मला या गठ्ठ्यांचा सर्वांत जास्त अभिमान आहे.

आता लिंबायतच्या मित्राच्या मुलाला पोकेमॉनच्या पत्त्यांचा क्यूब हवाय. तिथे नवीच अडचण आहे. चारमँडर हाती नसेल तर त्याचं पुढचं रूप चारमेलियन नुसतं अडून बसतं, आणि ड्राफ्टमध्ये दोन्ही एकाच माणसाकडे येतील याची खात्री नाही. मूळ पोकेमॉन उचलला की त्याची पुढची रूपंही त्याच्यासोबत मिळावीत, अशी जोडपाकिटं आम्ही सध्या करून बघतोय. त्यामुळे एका निवडीला किती पत्ते धरायचे हे अजून ठरत नाही, आणि साठ पत्त्यांच्या डेकऐवजी चाळीसचा चालेल का यावर तो मुलगा आणि माझा भाऊ गेले काही रविवार भांडताहेत.